पोच नसलेला राजीनामा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या पंगतीला बसणार नाही — वहिनींच्या हातचं जेवता जेवता माझ्याकडे बघणार नाही.

चिखलीत माझं छोटं वर्कशॉप आहे. ब्रॅकेट बनवतो, चाकणच्या कंपन्यांना देतो. एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली, प्रायव्हेट लिमिटेड असेल तरच ऑर्डर. आता तशी कंपनी एकट्याची होत नाही, निदान दोन डायरेक्टर लागतात. दादा नोकरीत, त्याच्या कंपनीला चालणार नाही. बायको सरकारी शाळेत. राहिल्या वहिनी. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. पाटीवर ‘प्रा. लि.’ रंगवून घेतलं, तेव्हा छाती कशी फुगली होती म्हणून सांगू!

चार वर्षांनी वहिनींना निघोज्यात नोकरी लागली, मोजमापाची गेज तपासायची. तिथंही तीच अट, दुसरीकडे डायरेक्टर असायचं नाही. त्यांनी आमच्या ओट्यावरच वहीच्या पानावर चार ओळींचा राजीनामा लिहिला. “भाऊजी, एवढं सरकारकडे भरून टाका.”

भरला नाही. का? त्यांच्या जागी बाहेरचं माणूस घ्यावं लागलं असतं, आणि माझ्या कंपनीत बाहेरचं कुणी मला नको होतं. वाटलं, पुढच्या महिन्यात बघू. महिन्यानं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणालो, “झालं, वहिनी.” किती सहज म्हणालो — पाणी प्यावं तसं.

मग पुढचं ओघानंच आलं. दर वर्षी कंपनीचे कागद सरकारकडे भरायचे, ताळेबंदावर दोघांच्या सह्या लागतात. ज्यांना ‘सुटलात’ म्हणून सांगितलं, त्यांची सही कुठल्या तोंडानं मागू? मागितली नाही. भरलंही नाही. एक वर्ष, दोन, तीन. मशीन फिरतंय ना, कागदावाचून काय अडतं — असं स्वतःला सांगत राहिलो. तीन वर्षं भरलं नाही की सगळे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र होतात, हे मला माहीत नव्हतं का? होतं. सीएनं दोनदा फोन करून बजावलं होतं.

गेल्या वर्षी वहिनींनी नोकरी सोडली. दोन मैत्रिणींबरोबर गेज तपासून द्यायची स्वतःची कंपनी काढायची होती. गाळा बघितला, नाव ठरलं. अर्ज परत आला — वहिनी अपात्र! मैत्रिणींना वाटलं, हिनं काहीतरी लपवलंय. त्यांनी तिसरी शोधली. वहिनी आकुर्डीच्या कंपनी नोंदणीच्या ऑफिसात खेटे घालत राहिल्या. तिथल्या माणसानं साधंच विचारलं, राजीनाम्याची पोच आहे का? पोच! घरच्या माणसाकडून कोण पोच घेतं?

मग माझ्याकडे आल्या. “भाऊजी, तुम्ही तेव्हाच भरला होता ना?” दादा शेजारीच होता. मी म्हणालो, “तेव्हाच भरला, वहिनी. त्यांच्या कॉम्प्युटरचा घोळ असणार.” आणि त्यांनी मान डोलावली. तेव्हा थोडा संशय घेतला असता, तर मी खरं बोललो असतो का? नाही. आणखी एक खोटं बोललो असतो. मी भित्रा माणूस आहे.

तो कागद माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर ‘तेव्हाच मिळाला’ असं लिहून सही केली, तर त्या सुटतीलही कदाचित. पण मग दादाला कळेल — आणि वहिनींना. वहिनी आता माझ्याच वर्कशॉपमध्ये ब्रॅकेट मोजतात. मीच काम दिलं. नातेवाईक म्हणतात, दीर असावा तर असा. मी ऐकून घेतो.

परवा त्यांनी तपासलेल्या मालाचा कागद माझ्यापुढे ठेवला. “सही करा, भाऊजी. आता मी घरच्यांकडूनही पोच घेते,” म्हणाल्या, आणि हसल्या. त्याच टेबलावर, त्याच ड्रॉवरवर कागद ठेवून मी सही केली. खाली तारीखही घातली.