दातांतला दोरा

भुतं असतात की नसतात, यावर लोकांनी खुशाल वाद घालावेत. मला त्यात पडायचं कारण नाही, कारण माझी सख्खी आत्या भूत आहे. ती धडधाकट जिवंत आहे, म्हैसूरला स्वतःच्या घरात राहते, सकाळी उठून पेलाभर कॉफी घेते आणि भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या एका जुडीवरून कडाकडा भांडते. मेल्यावर भूत होणारे पुष्कळ असतील. पण जिवंतपणी भूत होऊन, आपल्याच भुताचे सिनेमे आणि नाटकं तिकीट काढून बघायची, आणि घरी येताना रिक्षावाल्यालासुद्धा त्यातल्या चुका समजावून सांगायच्या, असं करणारी बाई जगात एकच, आणि ती आमच्या घराण्यात निपजली. हे सगळं मी बिनधास्त लिहितोय, कारण आत्या मराठी बोलते, मराठीतून भांडते, विठ्ठलाला हाकही मराठीतच मारते, पण वाचता तिला फक्त कानडी येतं. पिढ्यान् पिढ्या म्हैसूरला राहिलेल्या आमच्यासारख्या शिंप्यांच्या घरात हे असंच असतं. माझे वडील नोकरीसाठी पुण्याला गेले म्हणून माझं मराठी निराळं झालं. आत्या त्याला ‘बुकातलं मराठी’ म्हणते आणि मी जरा जास्त बोललो की म्हणते, “सुम्ने, गप्प बस रे, रेडिओ!”

ती भूत झाली त्याला कारण तिच्या माडीवरचा भाडेकरू. तरुण होता, हडकुळा होता, कुठल्याशा कॉलेजात तात्पुरता शिकवत होता आणि उरलेल्या वेळात लिहीत होता. त्याच्या शर्टाला पुरती बटणं कधीच नसायची. आत्याला लोंबणारं बटण दिसलं की तिचा हात आपोआप अंबाड्याकडे जातो, कारण दोरा ओवलेली सुई तिने तिथेच खोचलेली असते. समोरच्याला शर्ट काढायला लावण्याइतका धीर तिला नाही. आता आमच्याकडे अंगावरचा कपडा अंगावरच शिवणं अशुभ मानतात. शिवायचाच झाला तर ज्याच्या अंगावर शिवायचा त्याने दोऱ्याचा तुकडा दातांत धरायचा आणि शिवून होईतो तोंडातून ब्र काढायचा नाही, नाहीतर कपड्याबरोबर माणसाचं नशीबही शिवलं जातं म्हणे. तर आत्या त्या भाडेकरूला जिन्याखाली गाठायची, त्याच्या दातांत दोरा द्यायची, बटण लावायला घ्यायची आणि नेमकं तेव्हाच, त्याला तोंड उघडता येत नसताना, हळूच विचारायची, “ऊटा आयता?” जेवण झालं का, हा प्रश्न म्हैसुरात दिवसातून दहादा दहा जण विचारतात. पण उत्तर देता येणार नाही अशी तजवीज करून तो विचारणारी आत्या एकटीच.

पुढे तो बंगळुरूला गेला आणि त्याने कानडीत एक भयकादंबरी लिहिली. तीत कावेरीकाठच्या तलकाडच्या वाळूत अर्धं बुडालेलं एक घर आहे. वाऱ्यात सापडलेला, कपडे फाटलेला वाटसरू आडोशाला तिथे शिरतो. आत नूलम्मा नावाची एक बाई बसलेली असते. नूल म्हणजे सूत. ती त्याच्या दातांत दोरा देते, अंगावरचं कापड शिवू लागते आणि शिवता शिवता प्रेमाने विचारते, “ऊटा आयता?” सवयीने ज्याने तोंड उघडलं त्याच्या दातांतला दोरा पडला, आणि ज्याचा दोरा पडला त्याची सावली ती भिंतीला शिवून टाकते. मग तो माणूस त्या घरातून कधीच बाहेर पडत नाही. नूलम्माच्या हनुवटीवर तीळ आहे, अंबाड्यात सुई आहे आणि चालताना ती डावा पाय किंचित ओढते. गल्लीला ओळखायला अर्धं पानसुद्धा लागलं नाही. लेखक पुस्तक द्यायला आला तो जीव मुठीत धरूनच. आत्याने ते वाचून काढलं, चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाली, “तलकाडला मी एकदाच गेले रे, पाय भाजले म्हणून बसमध्येच बसले. बाकी बरोबर आहे.” त्या दिवसापासून आपण नूलम्मा आहोत हे तिने मान्य केलं, आणि एकदा मान्य केल्यावर नूलम्माची अब्रू सांभाळणं हे तिचं काम झालं.

पहिला घाला सिनेमाने घातला. मी तेव्हा शाळेत होतो, सुट्टीला म्हैसूरला आलो होतो, आणि आत्याने अख्खी गल्ली बरोबर घेतली होती. पडद्यावर नूलम्मा आली ती पांढरी साडी नेसून, गुडघ्यापर्यंत केस मोकळे सोडून, हातात नारळाच्या झावळ्या छाटता येतील एवढी कात्री घेऊन. दातांतला दोरा कुठल्या कुठे गेला होता. थिएटरमध्ये चिडीचूप, पुढच्या रांगेतल्या बाईने पोराचे डोळे झाकलेले, आणि त्या शांततेत आत्याचा आवाज खणखणीत उठला, “अय्यो, केस मोकळे सोडून शिवायला बसलीय ही! मशिनीत अडकले म्हणजे?” सगळं थिएटर फिसकन हसलं आणि त्यानंतर त्या भुताला कोणीही घाबरलं नाही. आम्ही पोरं शरमेनं खुर्चीत खाली सरकलो. आत्याला मात्र आपण काही वावगं बोललो असं वाटलंच नाही. मोकळे केस घेऊन शिंपीण शिवायला बसत नाही, हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि तिथे शिंपीण ती एकटीच होती.

मग नाटक आलं. तोवर मी कॉलेजात गेलो होतो. नाटकवाल्यांनी दोरा ठेवला होता, हे ऐकून आत्या मोठ्या आशेने गेली. पण मागच्या रांगांना दिसावा म्हणून त्यांनी दोऱ्याच्या जागी चांगला अंगठ्याएवढा सुंभ घेतला होता, आणि नूलम्मा झाला होता एक भरदार मिशा काढून आलेला नट. तो “ऊटा आयता?” असं गाण्यात विचारायचा, तेही तीनदा, आणि तिसऱ्यांदा टाळ्या घेऊन. नाटक संपल्यावर आत्या रंगपटात घुसली. आपण कोण ते तिने सांगितलं तेव्हा तो नट बिचारा पाया पडला. आत्याने आशीर्वाद दिला आणि लगेच त्याला स्टुलावर बसवून सुई कशी धरायची ते शिकवायला घेतलं. “तू चांगला गातोस रे कंदा,” ती लहान बाळाला म्हणावं तसं म्हणाली, “पण पोटाचं विचारताना गाऊ नये.” म्हैसुरातल्या उरलेल्या प्रयोगांत त्याने तो प्रश्न एकदाच आणि न गाता विचारला. टाळ्या पडल्या नाहीत. पुढच्या गावी त्याने पुन्हा गायला सुरुवात केली असं आमच्या कानावर आलं.

टीव्हीवरच्या मालिकेबद्दल न बोललेलं बरं. तीत नूलम्माला सासू होती, जाऊ होती आणि एक जुळी बहीण होती. मधे तिची स्मृती गेली, ती परत आली, आणि शेवटी नूलम्माने साड्यांचं मोठं दुकान काढलं. सुईचा मागमूस नव्हता. गल्लीतल्या बायका हळूहळू ती मालिका सोडून दुसऱ्या मालिकांकडे वळल्या. आत्या एक भाग चुकवायची नाही. मी फोनवर विचारलं, “एवढी वाईट आहे तर बघतेस कशाला?” तर म्हणाली, “मी नाही बघितलं तर कोण बघणार? माझंच भूत आहे ना, अल्लवा?”

आता नोकरीमुळे मीच म्हैसूरला आलो आहे आणि रविवारी आत्याकडे जातो. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवता येते का बघू. आत्या त्यांना म्हणाली, “टिकवा हो थोडी. मला एकदा नीट बघायचंय.” डॉक्टरांना वाटलं नातवंडं, पतवंडं. त्यांनी विचारलं, “कुणाला?” आत्या म्हणाली, “मलाच.” मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि मला हसू आलं नाही. लेखक तर केव्हाच वारला होता. आपण जशा आहोत तसं एकदा, फक्त एकदा, पडद्यावर दिसावं आणि ते आपल्या डोळ्यांनी बघता यावं, एवढीच तिची इच्छा उरली होती. सिनेमाने, नाटकाने आणि मालिकेने तिला तीनदा फसवलं होतं. चौथी संधी मिळेल असं मला वाटत नव्हतं.

तर मिळाली. त्याच कादंबरीवर मोबाइलवर बघायची मालिका करायला बंगळुरूची मंडळी आली आणि म्हैसुरातलंच एक जुनं घर त्यांनी घेतलं. दिग्दर्शिका तिशीची, केस बारीक कापलेली, चेहऱ्याने गोड पण कामात करडी. आत्या मला घेऊन तिथे थडकली. दाराशी अडवलं तेव्हा तिने “मी नूलम्मा” एवढंच सांगितलं. काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी आत सोडलं. अंगणात तलकाडची म्हणून वाळू पसरली होती. आत्याने ती चिमटीत धरून चोळली आणि म्हणाली, “भुस्सा आहे हा.” तेव्हाच मी ओळखलं की आता ही हलत नाही. ती रोज जाऊ लागली. डब्यात सगळ्यांपुरतं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, न्यायची, खुर्ची टाकून बसायची आणि अंधुक दिसत असूनही कुणाचं बटण लोंबतंय ते हाताने चाचपून शोधायची. दोन दिवसांत कॅमेरावाल्यापासून दिवे धरणाऱ्यापर्यंत सगळे दातांत दोरा धरून तिच्यासमोर उभे राहिले.

दिग्दर्शिका मात्र ऐकेना. तिच्या संहितेत नूलम्मा प्रश्न विचारून खदाखदा हसणार होती. “अज्जी,” ती म्हणाली, “लोक घाबरायला नकोत का?”

“मी कुठे घाबरवायला विचारत होते?” आत्या म्हणाली.

“मग तोंडात दोरा असतानाच का विचारायचात?”

आत्याने अंबाड्यातली सुई चाचपली. इतकी वर्षं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही आणि खुद्द त्या लेखकानेही नाही. मग ती म्हणाली, “त्याला पगार वेळेवर मिळायचा नाही. दोन दोन दिवस उपाशी असायचा. विचारलं की लगेच ‘झालं, झालं’ म्हणायचा, मानी होता. दोरा दिला की खोटं बोलता येत नाही. मग मी डोळ्यांत बघायची. डोळे सांगतात. ताट वाढायची, तो जेवायचा. बटणं काय, दुसऱ्या दिवशीही लावता आली असती.”

दिग्दर्शिकेने हातातला कागद उलटा केला, सुलटा केला आणि कुणाला तरी चहा आणायला सांगितला. हसणं काढते, असं ती आम्ही निघताना म्हणाली. आवाज हळू ठेवते. आत्याने तिचा हात धरला तो सोडला नाही. “आणि केस?” दिग्दर्शिका माझ्याकडे बघत म्हणाली, “केसांचं वरच्या लोकांना विचारावं लागेल. बांधलेल्या केसांचं भूत त्यांना पटत नाही.” आत्या म्हणाली, “विचार. नाही म्हणाले तर मी पुन्हा येईन.” आणि ती पुन्हा गेलीही, चित्रीकरण आटोपून मंडळी सामान भरत होती त्या दिवशीसुद्धा गेली.

मालिका यायला आठ महिने लागले. आत्याची नजर तेवढं थांबली नाही. परवाच्या रविवारी दुपारी मी फोन तिच्या डब्यांच्या फळीला टेकवून उभा केला आणि ती समोर बसली. तिला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. तो प्रसंग आला. संगीत थांबलं. कापडातून दोरा ओढला जातानाचा बारीक आवाज आला, आणि अगदी हळू, जवळून, थकल्यासारखा प्रश्न आला, “ऊटा आयता?” आत्याने मान हलवली. “हां,” ती म्हणाली. “हां, हे असंच.” तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलं नाही. मग माझ्याकडे तोंड करून तिने विचारलं, “केस बांधलेत का रे?”

पडद्यावर केस मोकळे होते. कमरेपर्यंत, चांगले वाऱ्यावर भुरभुरत होते.

“बांधलेत,” मी म्हणालो. “घट्ट अंबाडा आहे. सुईसुद्धा आहे.”

आत्याने हात पुढे करून माझा शर्ट चाचपला, वरून तिसऱ्या बटणाशी थांबली आणि ते लोंबतंय असं जाहीर केलं. माझ्या मते ते शाबूत होतं. अंबाड्यातली सुई आता बिनदोऱ्याची असते. ती काढून तिने माझ्या हातात दिली, मी दोरा ओवून दिला. त्यातलाच एक तुकडा तोडून तिने माझ्या दातांत ठेवला आणि बोटांनी जागा शोधत एक टाका घातला. मग सुई तशीच धरून दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या गालावर ठेवला. डोळ्यांत बघण्याची सोय आता राहिली नव्हती.

“मोकळे आहेत ना रे?” तिने विचारलं.

मी दोरा दातांत धरून राहिलो. तिचा हात माझ्या गालावर तसाच होता आणि त्या हाताला सगळं कळलं असणार, कारण ती हलकेच हसली.

“असू दे,” ती म्हणाली. “पोरीने विचारलं बरोबर, तेवढं पुरे झालं.” तिने दोरा तोडला, सुई अंबाड्यात खोचली आणि मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, “ऊटा आयता?”

मी घरून पोटभर जेवून आलो होतो. पण दोरा अजून दातांत होता आणि तो काढ असं ती म्हणाली नव्हती. ती उठली, डावा पाय ओढत, भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे गेली, आणि ताटाचा आवाज येईपर्यंत मी तसाच बसून राहिलो.