जुडीखालचं पुस्तक

कोथिंबीर हुंगली की मुलुंडचं ते वाचनालय आठवतं. निवृत्त शिक्षिका कोर्टातूनच पुरावा पळवतात, अशी एक धमाल कादंबरी मी तिथून नोंद न करता आणली होती, पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली दडवून. त्या पुस्तकासाठी माझ्या आधी एकाचा नंबर होता आणि मला धीर नव्हता. चौथ्या दिवशी एकटीच खिदळत वाचत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात हवालदार! “पासपोर्टचं व्हेरिफिकेशन, मॅडम,” म्हणत तो आत आला. सोफ्यावरचं पुस्तक त्याने उचललं, वाचनालयाचा शिक्का निरखून बघितला. “तुमच्याकडे आहे होय? मला सांगतात, हरवलं. माझा नंबर होता ना!” कादंबऱ्यांतल्या असल्या साध्यासुध्या चोरांवर मी आजही पोट धरून हसते, बेल वाजली की मात्र आधी पुस्तक उशीखाली जातं.