गुरुमूर्तींची मान

तंजावुरातल्या निम्म्या घरांतल्या बाहुल्या भवानीबाईंच्या हातचे डोळे घेऊन जगाकडे बघतात, असं रघोजी म्हणायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. मान डोलवणाऱ्या कागदी लगद्याच्या बाहुल्या घडायच्या रघोजीच्या कारखान्यात. त्यांची कोरी डोकी मात्र टोपलीतून भवानीबाईंकडे यायची. पूजा, नैवेद्य, स्वयंपाक आटोपला की त्या ओसरीवर कुंचला घेऊन बसत. शेजारी आरामखुर्चीत रेडिओ लावून त्यांचे यजमान, गुरुमूर्ती.

गुरुमूर्तींना गाण्यातलं फार कळत होतं अशातला भाग नाही. पण मान हलवावी तर त्यांनीच! डोळे अर्धे मिटून, डावीकडे, उजवीकडे, सावकाश. गाणारा सुरात असो की नसो, मान तेवढ्याच मायेनं हलायची. सांबारात मीठ विसरलं, तरी "कसं झालंय?" याला तीच मान. "ह्यांच्या मनातलं कळायला ज्योतिषी बोलवायला हवा," असं भवानीबाई म्हणत, आणि त्यालाही मान हलायची.

गेल्या श्रावणात ते गेले. दिवाणखान्यात फोटो लागला. पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला, मोठा करून घेतलेला. त्यात मान अशी ताठ, जणू पोलिसांनी चौकशीला बोलावलंय. रोज हार घालताना भवानीबाईंना आपण परक्या माणसाला हार घालतोय असं वाटे. "भवानी धीराची हो, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही," असं गल्लीत सगळे म्हणाले. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. हल्ली डोळे मिटले की त्यांना तो फोटोच दिसे. हलणारी मान आठवायला गेलं की हाती लागेना, आणि याचीच त्यांना धास्ती बसली होती.

दुखवट्याच्या वर्षात घरी कोलू, म्हणजे नवरात्रातली पायऱ्यांवरची बाहुल्यांची आरास, मांडला नव्हता. यंदा वर्षश्राद्ध झालं, नवरात्र जवळ आलं. कोलूच्या पायऱ्यांवर दर वर्षी एक तरी नवी बाहुली बसवायचीच असते. भवानीबाईंनी रघोजीकडून लगदा मागवला आणि ठरवून टाकलं: यंदाची नवी बाहुली ह्यांचीच.

गुरुमूर्तींची थोरली बहीण शेषम्मा कोलू मांडायला तिरुवैयारूहून बसनं यायची, तशी यंदाही आली. तिनं ऐकलं मात्र, पिशवी हातातच राहिली.

"अय्यो! देवांच्या रांगेत माझ्या भावाला बसवतेस गे?"

"देवांच्या नाही, अक्का. अगदी खालच्या पायरीवर. वाण्याच्या दुकानातल्या बाहुल्यांशेजारी."

"तिथे काय करील तो?"

"इथे काय करत होते?"

शेषम्माला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "बाहुली बघते. तो दिसला नाही, तर पेटीत जाईल. आणि मी यंदा देवीचं पदही गाणार नाही, सांगून ठेवते."

बाहुली घडवून, वाळवून ठेवलेली होतीच; भवानीबाईंनी समई लावून रंग काढले. धोतर, उपरणं, कपाळावर अंगारा-अक्षता, डाव्या कानावरचे ते हट्टी केस. आयुष्यभर बाहुल्यांचे डोळे उघडले, या एकीचे तेवढे अर्धे मिटले. मान बसवायचं काम नेहमी रघोजीचं; या वेळी तारही स्वतःच ओवली.

घटस्थापनेच्या सकाळी बाहुली पायरीवर ठेवली. शेषम्मा चष्मा पुसून पुढे झाली. भवानीबाईंनी श्वास धरून डोक्याला बोट लावलं.

मान खाली-वर हलली. हो, हो, हो.

"हा कोण गे?" शेषम्मा म्हणाली. "आमच्या घरात असा हो-हो करणारा कुणी जन्मलाच नाही! आई विचारायची, शाळेत गेला होतास का? तर तेव्हाही याची मान अशी." आणि सत्तरीची शेषम्मा डोळे अर्धे मिटून डावी-उजवी डोलली.

तेच! अगदी तेच! भवानीबाईंना खदखदून हसू फुटलं. हसता हसता आवाज फाटला आणि वर्षभराचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. पदर तोंडाशी धरून त्या पायऱ्यांपुढेच बसल्या.

शेषम्मानं पाठीवरून हात फिरवला नाही, तिला ते जमायचं नाही. तिनं बाहुलीचं डोकं उचललं आणि आत डोकावून पाहिलं.

"तार या कानापासून त्या कानापर्यंत घातलीस. मग नंदीबैलच होणार ना? नाकापासून मागे घाल. रडून झालं की घाल."

रडत रडतच भवानीबाईंनी तार फिरवली. डोकं बसवलं. बोट लावलं.

डावीकडे. उजवीकडे. सावकाश.

मग शेषम्मानं दाराशीच ठेवलेली पिशवी आत कोपऱ्यात नेऊन ठेवली.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला जमल्या. शेषम्मा देवीचं पद गायला बसली. वरच्या सुरावर तिचा आवाज चिरकला. पंख्याच्या वाऱ्यानं खालच्या पायरीवरची मान डोलत होती, ती डोलतच राहिली.

"बघा," गाणं थांबवून शेषम्मा बायकांना म्हणाली, "अजून खोटंच बोलतो."

नैवेद्य दाखवून भवानीबाईंनी हरभऱ्याचं सुंडल, प्रसादाची कोरडी उसळ, वाटलं आणि उरलेलं चिमूटभर आपल्या तोंडात टाकलं. मीठ घालायचं राहून गेलं होतं. त्यांनी चटकन खालच्या पायरीकडे पाहिलं.

तिकडून काहीच तक्रार नव्हती.