आखूड स्वरांची माणसं

"बोल. ऑफिस. डॉक्टर. कॉलेज."

दुबई मरीनातली काचेची मीटिंग रूम. अकरा माणसं बसलेली. मला सरांनी उभं केलेलं.

मी बोलले. आफिस. डाक्टर. कालेज.

सगळे हसले. सर पुण्याचे. म्हणाले, "ऐकलंत? ही आपले चेक भाषेचे स्वर तपासते! अगं, तुझ्या कानातच गाव आहे. खलास!"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याच कॉलेजचं नाव घेतलं म्हणून हसले. फरक मला ऐकू येतो. नीट येतो. पण तोंडातून आईचा आ निघतो.

आमचं काम मशीनला चेक भाषा शिकवायचं. तिकडच्या माणसांचं बोलणं हेडफोनवर ऐकायचं आणि स्वर लांब की आखूड, तेवढी खूण करायची. भाषा येत नसली तरी चालतं. कान लागतो. एका खाणीच्या भागातल्या फायलींत मला सगळे स्वर आखूडच ऐकू येत. शब्दकोशात मात्र लांब. माझ्या खुणा चूक धरल्या जात. प्रोबेशन संपत आलेलं. नापास झाले की व्हिसा कॅन्सल.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या भाड्याच्या खोलीत आम्ही चौघी. सुट्टीच्या दिवशी बाथरूमचं दार लावून मी त्याच फायली ऐकत बसे. लांब ऐकू येऊ दे, म्हणून हात जोडले. नाही आलं. आईचे फोन उचलले नाहीत. तिनं अख्ख्या वस्तीत सांगितलेलं, पोरगी दुबईत साहेब झाली. शेवटी मलाही वाटायला लागलं, आपल्या कानातच खोट.

मग कंपनीच्या चेक भाषातज्ज्ञ, प्रागच्या मॅडमचा कॉल होता. सर शेजारी असताना मीच विचारलं, ही माणसं लांब स्वर बोलतच नाहीत का?

मॅडम म्हणाल्या, "नाही बोलत. त्या भागात सगळं आखूड. आम्ही चिडवतो त्यांना, तुमची चोच आखूड म्हणून. तुमचा कान अगदी बरोबर आहे."

कॉल संपला. सर सॉरी म्हणाले नाहीत.

"म्हणजे तिकडचे गावठी. त्या सगळ्या फायलींवर 'अशुद्ध' टाक. यल्ला, चल लवकर."

हेडफोनमध्ये एक म्हातारी बोलत होती. शब्द कळत नव्हते. आवाजात लाज नव्हती. तिला अजून कुणी माझ्यासारखं हसायला उभं केलं नव्हतं. ते काम आता माझ्याकडे आलं होतं.

"सर, ती चुकीचं बोलत नाही. मी नाही टाकणार."

"घरी जायचंय का तुला?"

"नाही जायचं."

"मग?"

"तरी नाही टाकणार."

बसले आणि एकेका फायलीवर लिहीत गेले. स्वर आखूड. उच्चार बरोबर. तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव, आडनावासकट. इथे आल्यापासून ते आडनाव मी कुणाला सांगत नव्हते.

काढायचं तर काढा मला. माझ्या हातानं कुणाच्या तोंडावर अशुद्ध लिहिलं जाणार नाही.