किटोबाईंचा परदेशी पाहुण्यांवरचा राग

आमच्या नागोयात सकाळी कॉफी मागितली की टोस्ट आणि अंडं फुकट येतं. किटोबाई लग्न होऊन या कॉफीच्या दुकानात आल्यापासून ते देताहेत आणि तेव्हापासूनच चिडताहेत; माझ्यासारख्या रोजच्या गिऱ्हाइकाला ते पाठ आहे.

"मेले परदेशी! टोकियोहून क्योटोला जाताना बुलेट ट्रेनमधून इथं खाली पायसुद्धा ठेवत नाहीत. यांच्या मोटारी आमच्या भागाशिवाय कोण बनवतं, यांचे बाप?"

काल एक परदेशी जोडपं चक्क दुकानात आलं. टोस्ट खाऊन खूश झालं आणि मोडक्या जपानीत विचारू लागलं, "इथं बघण्यासारखं काय आहे?"

बाई लाजून म्हणाल्या, "छे हो, इथं कुठलं काय! क्योटोला जा."

ते निघून गेले. मी कप आपटला. "आता शिव्या कुणाला देणार, बाई? उतरले होते ते! तुम्हीच परत गाडीत बसवलंत!"