खराडीची सरळ रेघ

ताई गेल्यानंतर घरात माझ्याखेरीज जागी असणारी एकच वस्तू उरली, फ्रिजवरची पांढरी पेटी. साबणाच्या डबीहून जरा मोठी, पोटात मोबाइलचं सिमकार्ड आणि वायर भिंतीतल्या सॉकेटला. घरात वीज आहे की नाही, एवढंच ती दिवसरात्र आमच्या संस्थेच्या वेबसाइटला कळवायची. वीज असली की पडद्यावरची रेघ वर, गेली की खाली. माझी रेघ कायम वर. आयटी पार्कच्या शेजारी राहणाऱ्या माणसाची रेघ खाली यायची काय बिशाद!

आम्ही दोघी बहिणींनी लग्नं केली नाहीत. का नाही, हे विचारणारे नातेवाईक एकेक करून थकले. ताई टेलिफोन खात्यात, मी बँकेत. खराडीत फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतून ज्वारी दिसायची, आणि एवढ्या लांब कोण राहायला जातं, म्हणून सदाशिव पेठेतल्या आत्याने आमची कीव केली होती. पुढे ज्वारीच्या जागी काचेच्या इमारती आल्या. आमच्या मजल्यावर बंगळूर-हैदराबादहून आलेली मुलं भाड्याने राहायला आली आणि करार संपले की गेली. चेहरे ओळखीचे होईतो दारावरची पाटी बदललेली असायची.

मी चपलेत पाय घातला की स्वयंपाकघरातून ताईचा आवाज यायचा, "कुठे निघालीस?" मी म्हणायची, "काशीला." पन्नाशी उलटलेल्या बाईला कोथिंबीर आणायलाही परवानगी लागावी, याचा मला खरोखर संताप यायचा. ती गेली त्यानंतर पहिल्यांदा मी बाहेर पडले, तेव्हा चपला घालून कितीतरी वेळ दारातच उभी राहिले. कोणीही काही विचारलं नाही. मग मला रडू आलं, आणि बाहेर जायचं राहूनच गेलं.

बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. नंतर या संस्थेत लागले. कोळशाची वीज जाऊन सूर्याची येणार, हे तेव्हा सगळेच बोलत होते. आमचं म्हणणं एवढंच, की ती आधी कोणाला मिळणार? धरणाचं पाणी जे शहराला देतात आणि स्वतः अंधारात बसतात, त्यांना आधी मिळावी. पण वीज आयोगापुढच्या सुनावणीत नुसतं म्हणून भागत नाही, पुरावा लागतो. म्हणून गावोगावी पेट्या बसवल्या, आणि शहराची वीज कशी असते हे शेजारी दिसावं म्हणून एक माझ्या घरी. वेबसाइटवर प्रत्येक गावाच्या रेघेखाली माझी रेघ छापलेली असायची. संस्थेचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि काम सगळं कॉम्प्युटरवरचं. ताईनंतर साहेब म्हणाले, घरूनच करा. त्यांना वाटलं, माझी सोय केली.

खडकवासल्याच्या वर, धरणाच्या पाण्याला वळसा घालून गेलं की एक गाव लागतं. तिथल्या पिठाच्या गिरणीत एक पेटी होती. गिरणी चालवणारी बाई माझ्याहून बरीच लहान. तिचा नवरा पुण्यात एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. मी तिला वहिनी म्हणायची. त्या गावाला दिवसा वीज जेमतेम यायची, त्यामुळे वहिनी रात्री दळण दळायची आणि दिवसा शेतात राबायची. झोपायची कधी, ते तिलाच ठाऊक. गावालगतच्या पडीक माळावर सौरपॅनेल बसवून दिवसा वीज देण्याची योजना होती, आणि पहिल्या यादीत तिचं गाव यावं म्हणून मी हट्टाला पेटले होते. तिची रेघ होतीच तशी, कुरतडलेल्या कापडासारखी. पाहिल्यावर कोणालाही दया आली असती.

सुनावणीच्या तोंडावर मी खात्री करून घ्यायला गावी गेले. गिरणी बंद होती. वहिनी शेतावरून आली, कुलूप उघडलं, आणि माझ्या देखत पेटीचं बटण चालू केलं.

"हे बंद का होतं?"

"मी घरी न्हवते ना."

"म्हणजे घरी नसता तेव्हा बंद करता?"

"मंग? तुमीच सांगितलं व्हतं, ही पेटी घरची खबर देती म्हनून." मग जरा लाजून म्हणाली, "आमचे हे बघत्यात ना फोनवर. ड्युटीवर बोलू देत न्हाईत, पर नुसतं बघायला कोन अडवतंय? रेघ वर असली की मी गिरनीत. दुपारी पडली की मी रानात."

म्हणजे आम्ही ज्या खाली पडलेल्या रेघा वीज गेली म्हणून मोजत होतो, त्यातल्या अनेक रेघा बाई बाजाराला, शेताला, नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला गेल्याच्या होत्या. मी कपाळाला हात लावून बसले. वहिनीने चहा ठेवला आणि कधीपासून मनात असल्यासारखं विचारलं, "बाई, तुमची रेघ तर कधीच पडत न्हाई. तुमी कुठंच जात न्हाई का वो?"

मी शिक्षिकेच्या आवाजात समजावलं: रेघेचा आणि माणसाचा काही संबंध नाही, मी पेटी बंद करत नाही, आणि शहरात वीज जात नाही, यालाच तर आपण अन्याय म्हणतो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"ते झालं लायटीचं," ती म्हणाली. "तुमचं काय?"

चहा गोडमिट्ट होता, तो मी पिऊन टाकला.

ऑफिसात माझा सहकारी म्हणाला, "मॅडम, वीज जातेच ना तिथे? मग चार रेघा जास्त दिसल्या तर कोण बघतंय?" मी त्याला म्हटलं, "मी बघतेय." पुण्यात एवढ्यावर भांडण संपतं. त्या गावाचा कागद मी पुराव्यातून काढून घेतला. पहिली यादी लागली त्यात ते गाव नव्हतं. वहिनीला आणखी एक हिवाळा रात्री जागून दळावं लागणार, हे मला माहीत होतं, आणि हे तिला फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून मी पुन्हा गावी गेले.

तिने ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "मंग आता चालूच ठिवते," एवढंच म्हणाली, आणि बटणावर चिकटपट्टी लावली. नवऱ्याला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर धरणाचं पाणी शेजारून चाललं होतं, आणि मला स्वतःचा राग येत होता. दोन माणसं एकमेकांची खबर ठेवत होती, तेवढंही आम्ही पुराव्यापायी काढून घेतलं.

त्या हिवाळ्यात मी रोज तिची रेघ बघायची. आता ती खाली गेली की वीजच गेलेली असायची, आणि तरीही ती कितीदा जायची! त्याखाली माझी रेघ, सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. घरात आजारी पडा, रडा, दिवसभर कोणाशी चकार शब्द बोलू नका, रेघ आपली सरळ. मी ती बघणंही सोडून दिलं.

पुढच्या सुनावणीत गाव आलं. माळावर पॅनेल बसली, दिवसा वीज आली, वहिनी रात्री झोपू लागली. पेटीचं काम संपलं, ती परत आणायला मी गेले. गिरणी भर दुपारी घरघरत होती आणि वहिनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरीफटक झाली होती. मी बटणावरची चिकटपट्टी नखाने काढली.

"पेटी राहू दे तुमच्याकडे," मी म्हटलं. "आता हवी तेव्हा बंद करा."

ती हसली. मग म्हणाली, "तुमची बी काढू नगा."

ऑफिसात मी सांगून टाकलं, की दोन पेट्या परत येणार नाहीत. बाकीच्या गावांसाठी वेबसाइट चालूच होती, त्यामुळे कोणी खोलात शिरलं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी मी साडी बदलली, चपला घातल्या. दार ओढताना काय वाटलं कोण जाणे, परत आत गेले आणि फ्रिजवरच्या पेटीचं बटण बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा खराडीची रेघ पडली. असल्या पोरकटपणाबद्दल ताईने मला फाडून खाल्लं असतं. मी खाली आले, बसमध्ये खिडकी मिळाली, आणि बस हडपसरपर्यंत पोचते न पोचते तोच फोन वाजला. गिरणीच्या घरघरीतून वहिनी ओरडत होती.

"बाई, कुठं निघाला?"

"अहो, वीज गेली असेल," मी उगाच म्हटलं.

"खराडीची? सांगा की, कुठं निघाला?"

जिभेवर काशी आली होती, पण ती तिथेच अडली.

"कात्रजला," मी म्हटलं. "साप बघायला."

"एकट्याच?"

"एकटीच."

"बरं. मंग घरी आला की चालू करा," ती म्हणाली. "मी बघते."