पहिली पक्षकार

सनद मिळाली त्याच वर्षी मी कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागलो. ऑफिस म्हणजे एका सोसायटीतला तळमजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये पक्षकारांसाठी बाकडी, बेडरूममध्ये सर आणि स्वयंपाकघरात मी. ओट्यावर कायद्याची पुस्तकं आणि सरांनी नुकताच घेतलेला कॉम्प्युटर. तो फक्त मला चालवता यायचा आणि त्याचा मला नको तेवढा माज होता. सरांनी आयुष्यभर घासूनपुसून तयार केलेले मसुदे मी त्यात भरून ठेवले होते. नावं बदलायची, गट नंबर बदलायचा, प्रिंट काढायची. टायपिस्टला अर्धा दिवस लागायचा ते काम मी वीस मिनिटांत उडवायचो. सर म्हणायचे, "आपण वकील झालात की झेरॉक्स मशीन, ते एकदा ठरवून टाका." मी ते हसण्यावारी न्यायचो.

हक्कसोडपत्रांचे दिवस होते ते. हिंजवडीकडे कंपन्या आल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या माळरानालाही गिऱ्हाईक आलं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींचीही नावं लागलेली असायची. जमीन घेणारा म्हणायचा, आधी बहिणींच्या सह्या आणा. मग बहिणी आणल्या जायच्या. आपला हिस्सा भावांसाठी सोडला असं लिहून द्यायच्या, भाऊ त्यांना साडीचोळी करायचे आणि सगळे मिळून जेवायला जायचे. मला त्यात काही वावगं दिसत नसे. माझ्या आईनेही तिच्या भावांना अशीच सही दिली होती आणि त्या वेळची साडी ती लग्नकार्यात कौतुकाने नेसायची. माहेर तुटायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

सरांचा मात्र या बाबतीत एक नियम होता. हक्क सोडणाऱ्या बाईशी एकटीशी बोलायचं. बरोबरच्या मंडळींना हॉलमध्ये चहा द्यायचा, दार लावायचं आणि तिला विचारायचं, तुमचं काय जातंय ते कळलंय का, आणि उद्यापासून तुम्ही राहणार कुठं. "कागद घेऊन कोणीही येवो," ते म्हणायचे, "सही जी करते ती आपली पक्षकार. बाकीचे सगळे तिच्याबरोबर आलेले पाहुणे."

एकदा सरांना हायकोर्टाच्या कामासाठी मुंबईला जावं लागलं. हक्कसोडीसाठी एका गावाकडची मंडळी यायची होती. "ही भेट तुम्ही घ्या," सर म्हणाले, "आणि दाराचं विसरू नका." माझी स्वतःची अशी ती पहिलीच भेट. मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, मसुद्यात नावं भरून प्रिंट तयार ठेवली आणि सरांच्या खोलीत, सरांच्याच खुर्चीत जाऊन बसलो.

तिघं आले. थोरला भाऊ माझ्या वडिलांच्या वयाचा, पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला, बोलायला लोण्यासारखा. धाकटा बसलाच नाही, चौकटीला खांदा लावून उभा राहिला. बहीण पन्नाशीची असेल. नवऱ्याने टाकल्यामुळे ती वीस वर्षं माहेरीच होती. विहिरीजवळच्या एका खोलीत राहायची, दोन शेळ्या पाळायची. हे सगळं मला थोरल्याने सांगितलं. ती मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन बसली होती आणि पिशवीचे बंद तिने मुठीत घट्ट धरले होते.

थोरल्याने टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला.

"अहो, काम तर होऊ द्या," मी म्हणालो.

"काम झाल्यातच जमा हाय, साहेब."

मला त्याआधी कोणी साहेब म्हटलं नव्हतं. मी बाईंना नाव विचारलं, ते थोरल्याने सांगितलं. वय विचारलं, तेही त्यानेच सांगितलं. "त्यांना बोलू द्या की," मी म्हटलं. तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिलं आणि मग मला वय सांगितलं. पुढेही प्रत्येक उत्तराआधी ती दाराकडे पाहायची. काय चुकतंय ते मला कळत होतं. काय करायचं तेही सरांनी सांगून ठेवलेलं होतं.

मी भावांकडे वळलो. "आपण दोघं जरा बाहेर बसता का? चहा येतोच आहे. मला यांच्याशी थोडं बोलायचंय."

थोरला हसला. "आमच्यासमोर न बोलण्यासारखं तिचं काय हाय, साहेब? आमच्यापासून तिनं कवा काय लपवलं न्हाई."

धाकटा हसला नाही. त्याने दार लावलं आणि कडी सरकवली. स्वतः आतच राहून.

त्या क्षणी मी भ्यालो, हे आज सरळ सांगतो. तो मला मारेल असं वाटलं नव्हतं. पण आता उठून 'बाहेर व्हा' म्हणालो तर पुढे काय होईल, याचा अंदाज येईना. शिवाय चोवीस वर्षांच्या मुलाने परक्या बाईशी बंद दाराआड बोलायचं म्हणजे या लोकांना काय वाटेल, असं एक सोयीचं कारणही मी मनात तयार केलं. भित्र्या माणसाला सभ्यपणा फार लवकर आठवतो.

मी दस्त वाचायला घेतला. कॉलेजात भाषण म्हणतात तसा, धाडधाड. "सदर मिळकतीमधील माझा अविभक्त हिस्सा, हक्क व हितसंबंध मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय कायमचा सोडून देत आहे." ती सत्यनारायणाची पोथी ऐकावी तशी मान खाली घालून ऐकत होती. वाचून संपलं. मी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. पहिल्यांदाच दाराकडे न बघता तिने थेट मला विचारलं, "माझी खोली ऱ्हाईल ना?"

"खोली कुठं पळून चाललीया?" थोरला म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती. त्या कागदावर सही झाली की जमिनीबरोबर खोलीही जाणार, हे त्या खोलीतल्या चौघांपैकी तिघांना माहीत होतं. एक वाक्य घातलं असतं तरी पुरे होतं, की हयात असेपर्यंत या खोलीत राहण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. पण ते वाक्य म्हणजे भावांशी वाद आणि धाकटा कडीवर हात ठेवून उभा होता.

मी म्हणालो, "भाऊ आहेत की तुमचे."

तिने मान हलवली आणि एकेक अक्षर कोरत सही केली.

दुसऱ्या दिवशी सबरजिस्ट्रारकडे नोंदणी झाली. ती नवी साडी नेसून आली होती, तिच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. दस्त वाचून दाखवला आणि त्यांना समजला, याचा साक्षीदार म्हणून मी सही ठोकली. संध्याकाळी सरांनी विचारलं, "दार लावून बोललात ना?"

"हो सर." दार लावलेलंच तर होतं.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत ती ऑफिसात आली. एकटी, दोन बसा बदलून. सरांनी तिला आत नेलं आणि दार लावलं. मी ओट्यापाशी बसून होतो. तासाभराने सरांनी मला बोलावलं. खोलीवर जेसीबी फिरवला होता. त्याआधी तिची भांडी मात्र भावांनी नीट बाहेर काढून ठेवली होती. सध्या ती गावातल्या देवळाच्या ओवरीत झोपत होती. बाई इतकंच सांगत होती, आवाज न चढवता.

"हिचं काम आपल्याला घेता येणार नाही," सर म्हणाले. "त्या कागदावर तुमची सही आहे." त्यांनी तिला दुसऱ्या वकिलांकडे पाठवलं. मला एका शब्दाने रागावले नाहीत. फक्त झेरॉक्स मशीन म्हणायचं त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिलं आणि मला ते ऐकायची फार आठवण येऊ लागली.

तिने दस्त रद्द करायचा दावा लावला. तीन वर्षांनी शिवाजीनगर कोर्टातून मला समन्स आलं. भावांनी साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. निघताना सर म्हणाले, "विचारलं तेवढंच सांगा, असं मी साक्षीदारांना सांगतो. तुम्हाला तसं सांगणार नाही."

पिंजऱ्यात उभा राहिलो. ती समोरच्या बाकावर बसली होती, फारच वाळली होती. भावांच्या वकिलाने विचारलं, "दस्त वाचून दाखवलात?"

"हो."

"पूर्ण?"

"हो, पूर्ण."

"बाईंना कोणी मारहाण केली, धमकी दिली, असं तुमच्यासमोर घडलं?"

"नाही."

मग तिचा वकील उठला. माझ्यासारखाच नवखा, घामाघूम. त्याने स्टॅम्पपेपर कुठून घेतला ते विचारलं, नोंदणीची वेळ विचारली. कडी आतून कोणी लावली, हे त्याने विचारलं नाही. तिने काही विचारलं होतं का, हेही नाही. मी वाट पाहत होतो. न विचारता सांगायला मला कोणीच अडवलं नव्हतं. पण सांगितलं असतं तर खोट्या साक्षीच्या सहीपायी माझी सनद धोक्यात आली असती आणि घरी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. "साक्षीदार जाऊ शकतात," न्यायाधीश म्हणाले. पुढे दावा फेटाळला गेला, माझ्या साक्षीवर.

साक्षीच्या दिवशीच कोर्टाच्या व्हरांड्यात तिचा वकील मला ऐकू जाईल अशा बेताने तिला म्हणाला, "विकला गेलेला माणूस आहे हो तो. खोटं बोलला."

"न्हाई," ती म्हणाली. "खोटं न्हाई बोललं साहेब. वाचलं व्हतं त्यांनी. मलाच नीट इचारता आलं न्हाई."

तिने नीटच विचारलं होतं. मी चार हातांवर उभा होतो आणि एवढं सांगायलाही माझं तोंड उघडलं नाही.